भुईवर

"बाबा, खुर्चीवरच बसायचं. वाकायचं नाही, मांडी घालायची नाही. आणि जमिनीवर तर बसायचंच नाही," निशा सिस्टर वॉकर पुढे सरकवत म्हणाली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाकडून ती हे घोकून घ्यायची. एरवी सुकलाल आप्पा तिला मास्तरीण म्हणून चिडवायचे. आज त्यांचं वॉकरकडे लक्षच नव्हतं.

पहाटे लोणखेड्याला त्यांची बायको, निर्मलाबाई, वारली होती. मुलगा भूपेश त्यांना न्यायला आला होता आणि गाडी खाली उभी होती.

"तिले खाले भुईवर लेयेल व्हई ना रे?" आप्पांनी विचारलं.

भूपेशने मान हलवली.

"मग तिना तोंडमा शेवटनं पानी कसं टाकू मी? उभ्या उभ्या?"

"त्यांना खाटेवर ठेवायला सांगा ना," निशा भूपेशला म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. ती काय परमुलखातली होती? एकदा भुईवर घेतलेलं माणूस परत खाटेवर घेत नाहीत, हे तिच्याही घरचंच होतं.

"आप्पा, तुमना नाववर मी टाकसू," भूपेश म्हणाला.

"मन्ही बायको शे ती." आप्पांचा आवाज फुटला.

निशा डॉक्टरांना विचारून आली. ते आधी वैतागले, मग म्हणाले, एकदाच टेकू दे, आणि नीट शिकवून.

तिनं फरशीवर चादर अंथरली, त्यावर निर्मलाबाईंच्या जागी उशी ठेवली. "ऑपरेशनचा पाय मागे न्यायचा. गुडघा त्याच पायाचा टेकायचा. एका हातानं खुर्ची धरा, दुसरीकडून भूपेश धरेल." आप्पा खाली जाऊ लागले. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. निशाची पुस्तकी मराठी कधी सुटली तिलाच कळलं नाही. "आस्ते, बाबा, आस्ते. दुखी ऱ्हायनं का?"

आप्पांचा गुडघा टेकला. उशीकडे बघत त्यांनी विचारलं, "डोकं कोणीकडे?"

याचा निशाने विचारच केला नव्हता. तिनं उशीच्या एका टोकाला हात ठेवला. आप्पांनी तिनं दिलेल्या रिकाम्या चमच्यानं तिथं पाणी टाकल्यासारखं केलं. मग ते अभ्र्यावरची सुरकुती हातानं सरळ करत राहिले. शेजारच्या पलंगाजवळ बसलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला. भूपेश दुसरीकडे बघत होता.

"जमनं, बाबा," निशा डोळे पुसत म्हणाली. "आता उठायचं शिकू. ते जास्त अवघड आहे, नीट ऐका."

"ते ऱ्हाऊ दे, माय," आप्पा म्हणाले. "तिले उचलतीन, तवय मालेबी उचलतीन."