पेपरवाले श्रोते

पाच वाजून गेले तरी वाचनालयाच्या हॉलमधल्या चाळीस खुर्च्या रिकाम्याच होत्या. रिटायर्ड नर्स कुसुमताई आज आयुष्यात पहिल्यांदा कविता वाचणार होत्या. सारखी वही उघडत होत्या, मिटत होत्या. ग्रंथपाल मकरंद येरझाऱ्या घालत होता.

शेजारच्या खोलीत सात म्हातारे पेपर वाचत होते.

“बाबरतात्या, चला ना कवितांना,” मकरंद म्हणाला.

“अग्रलेख संपू दे. कविता काय पळून चालल्यात?”

मकरंदनं सगळे पेपर उचलून हॉलमध्ये नेले. म्हातारे पुटपुटत मागोमाग आले आणि पेपर तोंडापुढं धरून बसले.

कुसुमताईंनी त्या पेपरांकडं बघतच सुरुवात केली. कविता होती सातव्या महिन्यात जन्मलेल्या, न रडणाऱ्या बाळाची, नर्स असताना त्यांनी तासभर छातीशी धरलेल्या.

तात्यांचा पेपर खाली आला. “सिस्टर, हा आमचा पोरगा दिनकर ना? परत वाचा. पहिल्यापासून.”