न पटणारा शेवट

"दार सताड उघडं, खुनी नवरा आंघोळीला गेलाय आणि ही बया खांबासारखी उभी! पळत का नाही? लेखकाने अक्कल गहाण ठेवलीय." सोफ्यावर पसरलेल्या नवऱ्याने टीव्हीकडे बोट रोखलं. थरारपटांतल्या चुका काढणं हा त्याचा रविवारचा आवडता उद्योग होता.

ती शेजारी मटार सोलत होती. सुजलेला ओठ ठणकला की बोटं अडखळत होती. कपाटाचं दार लागलं, असं तिने सकाळी शेजारणीला सांगितलं होतं. शेजारणीला ते पटलं नव्हतं.

"तिची पोर आत निजलीय," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, तुला सिनेमातलं काय कळतं?"

शेवटी पडद्यावरच्या सासूने पोलिसांसमोर आपल्याच मुलाकडे बोट दाखवलं, तसा तो खो खो हसला. "सासू सुनेच्या बाजूने? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही!" टॉवेल खांद्यावर टाकून तो आंघोळीला गेला.

शॉवरचा आवाज सुरू झाला, तशा सासूबाई लगबगीने उठल्या. झोपलेल्या नातीला त्यांनी आतून उचलून आणलं, सुनेच्या खांद्यावर दिलं आणि बाहेरच्या दाराची कडी आवाज न करता काढली.

"तुझा भाऊ खाली रिक्षा घेऊन थांबलाय. मीच बोलावलंय त्याला."

तिचे पाय जागचे हलेनात. नजर बाथरूमच्या दारावरून हटेना.

"जा गं!" सासूबाईंनी तिला उंबऱ्याबाहेर ढकललं. "त्याचा बापही असाच तास तास आंघोळ करायचा. मी नुसती उभी राहायचे."