चित्राच्या मागची बाजू

साल एकोणीसशे एकाहत्तर. सलूनमधल्या जुन्या मासिकांतून न्हाव्याची बायको घरांची चित्रं कापायची आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर खळीनं चिकटवायची. डोंगरावरची लाकडी घरं, काचेच्या भिंती, छपराला खिडक्या. एकदा तरी तसल्या घरात राहायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

एक दिवस नवरा वस्तऱ्यासकट आत आला. "अगं, पोस्टमास्तर अर्धी दाढी सोडून भांडतायत! तुझ्या या घराच्या मागं रहस्यकथेचा शेवट होता. खुनी कोण ते सांगा, नाहीतर उद्यापासून समोरच्या दुकानात जातो म्हणतायत."

तिनं भिंतीकडे पाहिलं. सोलायला गेलं, तर घराच्या चिंध्या झाल्या असत्या.

"स्वयंपाक्यानं केला," ती ठामपणे म्हणाली. "त्या दिवशी त्यानं आमटीचं मीठ चाखून पाहिलं नव्हतं."

पोस्टमास्तर इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी चार दोस्तांना घेऊन आले. तेव्हापासून लोक दाढी वाढायची वाट न बघता नुसते शेवट ऐकायला येऊ लागले.

पुढे तिच्या रहस्यकथांची एकवीस पुस्तकं निघाली आणि डोंगरावर काचेच्या भिंतीचं घर झालं. पोस्टमास्तर निवृत्तीनंतरही नवऱ्याकडेच दाढी करायचे. जुनी खोली सोडताना नवऱ्यानं ते चित्र ओल्या फडक्यानं अलगद सोडवलं, उलटून वाचलं आणि नव्या घरात गुपचूप पुन्हा चिकटवून टाकलं.

खून पोस्टमास्तरांनी केला होता.