राघोच्या खोलीचं सिलिंग

"जा, मावशीला सांग, आता मसाला कूट म्हणावं. चांगली जोरात," राघो म्हणाला आणि पलंगावर आडवा झाला. नव्या सिलिंगची परीक्षा झोपूनच घ्यायची होती.

त्याची बायको सरस्वती मान खाजवत जिना चढली. गेले नऊ दिवस घरातलं प्रत्येक माणूस मान खाजवत होतं. सिलिंगच्या पोटात भरलेल्या काचेच्या लोकरीची कुसं पार डाळभातापर्यंत पोचली होती.

वाशिंद स्टेशनामागच्या त्या जुन्या इमारतीत राघो तळमजल्याला, आणि जानकीबाई मावशी बरोबर त्याच्या डोक्यावर. एप्रिल लागला की ती सागाचं उखळ खोलीत मधोमध मांडायची आणि अर्ध्या वाशिंदचा लाल मसाला कुटायची. दुपारी बारा ते चार. राघोची कारखान्यात रात्रपाळी, त्यामुळे त्याच्या झोपेची वेळही नेमकी तीच. मागे मशीनपुढे त्याला दोनदा डुलकी लागली, तेव्हा सुपरवायझरने स्वच्छ सांगून टाकलं होतं, तिसऱ्यांदा दिसलास तर थेट गेटाबाहेर. सिलिंगसाठी काढलेली रजा आज संपत होती. रात्री कामावर जायचं होतं.

"उखळाखाली गोणपाट घाल, एवढंच सांगायचं," सरस्वती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "दुहेरी घडी केली का झालं. मी सांगू?"

"खबरदार! नोकरी नव्हती तवा दोन वर्सं तिच्या हातचं जेवलोय. त्या हाताला थांब कसं सांगू?"

म्हणून एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी राघोने आख्खं सिलिंग बांधायला काढलं. भिडस्त माणसं अशी फार कामं वाढवून ठेवतात. मावशीला त्याने सांगितलं, वरून पाली पडतात.

खर्डीचा देवजी सुतार या कामातला जाणकार समजला जाई, कारण कल्याणच्या एका कानाच्या डॉक्टरकडे त्याने बिनआवाजाची खोली केली होती. म्हणजे करणारे दुसरे होते, हा लाकडं धरायला होता. त्याने स्लॅबला जाड तारा बांधून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा लटकवला, त्यात लोकर दाबली आणि खालून प्लायवूड ठोकलं. खोली हातभर बुटकी झाली. पंख्यावरून मात्र एक दिवस भांडणात गेला. वाशिंदच्या उकाड्यात पंख्याशिवाय झोपणं माणसाचं काम नव्हे. शेवटी देवजीने सिलिंगला भोक पाडून पंख्याची दांडी खाली सोडली. तिचा हूक पहिल्यासारखाच स्लॅबला, उखळाच्या अगदी खाली. खिडक्याही उघड्याच राहिल्या.

या नऊ दिवसांत खोलीत एवढी ठोकाठोक झाली, की राघोला वरचं कुटणं एकदाही ऐकू आलं नाही. सिलिंगवर त्याचा विश्वास बसला तो तिथेच.

वर मुसळ पडलं. धप्प!

पंखा शहारला. फळीवरचे डबे एकमेकांना लागले. देवजी पेन्सिल कानामागे खोचून राघोच्या तोंडाकडे बघत राहिला.

धप्प! भोकातून चिमूटभर भुसा राघोच्या कपाळावर पडला.

"काय येतं का कानावर?"

राघोने कपाळ पुसलं. नऊ दिवस राबलेला सुतार समोर उभा. त्यालाही काय सांगणार?

"आवाज येतो जरासा. पण लांबून आल्यासारखा. मुरबाडवरनं."

"मुरबाड म्हंजे चांगलंच लांब झालं की," देवजी खूश झाला.

वर जानकीबाईने मुसळ थांबवलं.

"सरू, सिलिंग पालींसाठी ना गो? मग माझ्या कुटण्याचं काय बघतो तो?"

सरस्वतीने खाली फरशीकडे पाहिलं. तिला सांगायची बंदी होती, गप्प बसायची नव्हती. जानकीबाईने तिच्याकडे पाहिलं, मग उखळाकडे, मग घड्याळाकडे. ती गुडघ्यांवर वाकली आणि फरशीजवळ तोंड नेऊन साध्याच आवाजात म्हणाली, "राघो, आवाज येतो काय रे?"

"नाय गो मावशे!" खालून लगेच उत्तर आलं. "बिलकुल नाय येत!"

जानकीबाई तशीच फरशीवर बसून राहिली. तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले.

"एवढ्या वर्सांत एक शब्द नाय बोलला मला," ती पुटपुटली. "येडा माझा."

तिने पोत्यात उरलेल्या मिरच्या सुपात ओतल्या, पोतं झटकलं आणि त्याची दुहेरी घडी घातली. सरस्वतीने उखळ तिरपं धरलं, मावशीने घडी खाली सारली. मग मुसळ पुन्हा उचललं.

खाली पंखा शहारला नाही. डबेही गप्प राहिले. देवजीने सिलिंगवरून हात फिरवला.

"बघा! नवा माल हाय, बसायला जरा टाइम लागतो."

राघो केव्हाच झोपला होता. थोड्याच वेळात त्याचं घोरणं पंख्याच्या भोकातून, उघड्या खिडकीतून, मिळेल त्या वाटेने वर येऊ लागलं. ते ऐकून सरस्वतीला इतकं हसू फुटलं की तिला भिंत धरावी लागली.

जानकीबाईने मसाल्याने लाल झालेलं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू गो. खालती सगळं ऐकू जातं."