बदललेला शेवट

कोरगावच्या गौरवीने नवरा गेल्यावर त्याच्या आजारपणाबद्दल फेसबुकवर लिहिलं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या सर्वेशला डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, आणि तो एकेका घोटासाठी तिच्याकडे कसा बघायचा, तेही लिहिलं. काही दिवसांनी तोच मजकूर एका चूर्णवाल्याच्या जाहिरातीत आला. नावं गाळली होती, शेवट बदलला होता. त्यात चूर्ण घेऊन नवरा खडखडीत बरा झाला. गौरवीने फोन करून विचारलं, "माझं लिखाण मला न विचारता कसं घेतलंत?" "बाई, नेटवर टाकलेलं सगळ्यांचंच," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी शेजारणीने ती जाहिरात सासूला वाचून दाखवली. सासू गौरवीसमोर येऊन मुलाबद्दल जाब विचारू लागली. "ह्यां चूर्ण माज्या झिलाक कित्याक देवक नाय?" "आई, ता मियाच लिवलंय. आमच्या सर्वेशाचाच आसा ता." "तुयाच लिवलंस, तर त्यातलो घोव वाचलो कसो?"