पाळीवरची टिकली

"टिकलीशिवाय आम्ही कुणालाच मंचावर सोडत नाही," म्हणत संयोजक परचुऱ्यांनी वैजयंतीच्या कानाच्या पाळीवर धीराची टिकली चिकटवली. तिच्या हातांची थरथर जागच्या जागी थांबली. "आता भीती वाटणार नाही. फक्त कानाला हात लावू नका, निघून येते."

"म्हणजे कानाला हात न लावता गुरूचं नाव घ्यायचं?" तिच्या गुरू यमूताई कडाडल्या.

"सगळे तसंच घेतात, ताई."

"लाज नाही वाटत त्यांना?"

"टिकली लावल्यावर नाही वाटत," परचुरे सरळपणे म्हणाले.

यमूताई धुमसत पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. सकाळपासूनच्या स्पर्धकांपैकी कुणाचाही सूर हलला नव्हता आणि कुणाचंही गाणं लक्षात राहिलं नव्हतं.

वैजयंती माईकसमोर बसली. "माझ्या गुरू, यमूताई सबनीस..." म्हणताना सवयीने तिचा हात कानाकडे गेला. टिकली मांडीवर पडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कापऱ्या आवाजात षड्ज लावला. मोबाईलमध्ये बुडालेल्या माना वर झाल्या.

परचुरे नवी टिकली घेऊन मंचाकडे धावले. यमूताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"खबरदार! आज सकाळपासून आत्ता कुठे कुणीतरी गातंय."