ठेवणीतलं नाव

"ते नाव माह्या पोट्टीले द्या न, बाई."

कुंचीचा बंद बांधता बांधता भागीरथेचे हात थांबले. "कोणतं नाव व?" तिनं विचारलं, पण विचारतानाच तिला कळलं होतं.

"जत्रेतल्या सिनेमातलं," कौशल्या म्हणाली. "उल्का."

बाहेर ओसरीत पाळणा टांगून झाला होता. वलगावच्या बाया जमल्या होत्या, घुगऱ्यांचा वास सुटला होता. भागीरथा ही कौशल्येच्या नवऱ्याची, खुशालरावांची, थोरली बहीण. भाचीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ती नवऱ्याला घेऊन सकाळच्या मोटारीनं चांदूर बाजारहून आली होती. येताना विमल हे नाव मनाशी ठरवलं होतं. साधंसुधं, कोणाला बोट ठेवायला जागा नाही असं.

उल्का बहिरमच्या जत्रेतली. तंबूत बोऱ्यावर बसून दोघी नणंद-भावजयांनी तो सिनेमा पाहिला होता. मूलबाळ नसलेल्या राजाराणीच्या बागेत आभाळातून तारा सुटतो आणि सकाळी तिथं फुलांत एक पोर हसत पडलेली असते. परतताना बैलगाडीत भागीरथा म्हणाली होती, "मले पोट्टी झाली त उल्काच ठेवीन." गाडी हाकणाऱ्या भगवंतानं, तिच्या नवऱ्यानं, ते मनावर घेतलं. जेवायला बसला की म्हणायचा, "उल्कीले वाढ पहिले." दोघं हसायची. पुढं वर्षं गेली, कूस उजवली नाही, हसणं कमी झालं, पण नाव घरातून गेलं नाही. आत भांडं पडलं तर अजूनही तो हळूच म्हणे, "उल्की असन."

"ते मी कवाचीच इसरली," भागीरथा म्हणाली.

"मी नाई इसरली." कौशल्येनं मान खाली घातली. "पोटात होती तईपासून तिच्याशी त्याच नावानं बोलून राहिली. तुमाले इचारलं नाई, चुकलं माह्यं. तुमी नाई म्हणा, पुन्हा तोंडातून काढणार नाई."

भागीरथेनं गाठ मारली आणि पोरीला उचलून ओसरीत नेलं.

पोरीला पाळण्यात घातलं. भागीरथा कानाशी वाकली. पाठीवर धपके घालायला बाया हात उगारून उभ्या राहिल्या. ती वाकलेलीच राहिली.

"बोल न व बाई, पोट्टी झोपून जाईन!" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

त्या हशात भागीरथेनं नाव सांगितलं. पोरीनं जांभई दिली. धपाधप धपके बसले, आणि तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी धपक्यांचंच, असं सगळ्यांना वाटलं.

"काय ठेवलं?"

"उल्का."

कौशल्येची आई पार्वताबाई पुढं झाली. "उल्का म्हणजे तुटता तारा व माय! तारा तुटला का आमी तोंड फिरवतो. असं काहून ठेवलं लेकराले?"

"तुटत नाई, मावशी," भागीरथा म्हणाली. "उतरते. ज्याच्या घरी जायचं असते, त्याच्या घरी उतरते."

पार्वताबाईनं पाळण्याची दोरी हाती घेतली. कौशल्येनं पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी दोघं मोटारीची वाट पाहत सडकेच्या कडेला उभी होती. भगवंत पुरुषांत बाहेर बसला होता, पण बायांचा गलका अंगणापर्यंत आला होता. नाव त्यानं ऐकलं होतं. तरी विचारलं, "काय ठेवलं मंग?"

तिनं सांगितलं.

त्यानं मान हलवली. टोपी काढली, झटकली, परत घातली. लांब धूळ उठलेली दिसली, मोटार येत होती.

"चांगलं केलं," तो म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, "आता आपलीले काय म्हणाचं?"

भागीरथेनं पिशवी उचलून घेतली.

"पाहू," ती म्हणाली. "घाई कायची हाय?"